जुन्या गाडीचा हीटर टॅप बदलताना: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की जुनी गाडी सांभाळणाऱ्या गोव्यातल्या मंडळींकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. एसी गार होत नाही, काच धुरकटते, पायाखाली ओल येते. या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हीटर टॅप असतो आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी तपासला जातो. खालची उत्तरं पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या, हाताने दांडी सरकवून हीटर लावायच्या जुन्या गाड्यांसाठी आहेत. गॅरेजमध्ये आणि दुकानात हीटर कॉक किंवा हीटर वॉल्व म्हटलंत तरी हीच वस्तू पुढे येईल.

१. हीटर टॅप म्हणजे नेमकं काय? तो करतो काय?

चालू इंजिनातलं पाणी दोन वाटांनी फिरतं. मोठी वाट पुढच्या रेडिएटरची. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर आपोआप उघडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडला की ती सुरू होते. धाकटी वाट दोन बारीक होजमधून, म्हणजे रबरी नळ्यांतून, डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरकडे, म्हणजे हीटर कोअरकडे जाते. या धाकट्या वाटेवरचा नळ म्हणजे हीटर टॅप. डॅशबोर्डवरची निळ्या-लाल खुणांची दांडी लालकडे नेली की केबल टॅपची तरफ ओढते, गरम पाणी कोअरमध्ये शिरतं आणि ब्लोअरचा वारा त्यावरून गरम होऊन आत येतो. दांडी निळ्यावर असताना ही वाट पूर्ण बंद असायला हवी.

२. माझ्या गाडीत हा टॅप आहे की नाही, कसं ओळखू?

बोनेट उघडा आणि इंजिनाच्या मागच्या पत्र्यात, म्हणजे फायरवॉलमध्ये, शिरणारे दोन समान जाडीचे होज शोधा. त्यांतल्या एकाच्या वाटेत तरफ आणि केबल असलेला पितळी किंवा प्लास्टिकचा तुकडा दिसला तर तोच टॅप. काही गाड्यांत तो आत, डॅशबोर्डखाली हीटरच्या डब्याला जोडलेला असतो. काही जुन्या ब्रिटिश धाटणीच्या इंजिनांत तो थेट सिलिंडर हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, बोल्टने बसतो आणि मध्ये गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पातळ चकती, असते.

कुठेच सापडला नाही तर बहुधा तुमच्या गाडीत टॅप नाहीच. पुष्कळ नंतरच्या गाड्यांत गरम पाणी कोअरमधून सतत फिरतं आणि गरम-गार वारा एका झडपेने मिसळला जातो. अशा गाडीची तक्रार वेगळी, तिच्यासाठी प्रश्न १६ पाहा.

३. गोव्यात हीटर लागतच नाही. टॅप बिघडला तर बिघडू दे की!

हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. हीटर लागत नाही म्हणून दांडी वर्षानुवर्षं हलत नाही, दांडी हलत नाही म्हणून टॅप आहे त्या जागी धरतो. तो अर्धवट उघडा धरला तर आपल्या मे महिन्यात एसी शेजारीच बसलेल्या तापलेल्या कोअरशी झगडत राहतो. गळायला लागला तर इंजिनातलं पाणी थेंबाथेंबाने कमी होत जातं, आणि ते कळतं तेव्हा बहुतेक वेळा गाडी घाटात असते.

शिवाय हीटर गोव्यात लागतो. आषाढातल्या संध्याकाळी म्हापशाहून पणजीला येताना काचेचं काय होतं ते आठवा. त्या दिवसांत बाहेरच्या हवेत इतकी वाफ असते की काच साधारण २४-२५ अंशांखाली गेली तरी तिच्यावर दव धरतं. एसीचा गार झोत काचेवर सोडलात की धुकं काचेच्या बाहेरच्या बाजूला येतं, आणि आतून कितीही पुसा, जात नाही. अशा वेळी वायपर फिरवायचा आणि दांडी थोडी लालकडे सरकवायची. काच कोमट होते आणि दव धरायचं थांबतं. धुकं आतल्या बाजूला असेल, म्हणजे ओले रेनकोट आणि चार माणसांचे श्वास, तर एसी चालूच ठेवून हीटर थोडा उघडायचा. एसी हवा कोरडी करतो, हीटर तिला ऊब देतो, काच मिनिटाभरात निवळते. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे ओल्या काचेवर फुटत असतात तेव्हा ही सोय किती मोलाची आहे ते कळतं. टॅप शाबूत असेल तरच ती मिळते.

४. गॅस भरून झाला, तरी एसी गार नाही. टॅपचा दोष असेल का?

असू शकतो, आणि तपासायला एक पैसाही लागत नाही. गाडी चांगली तापू द्या, दांडी पूर्ण निळ्यावर ठेवा, मग इंजिन बंद करून फायरवॉलजवळचे दोन्ही होज जपून चाचपा. पंख्यापासून हात दूर ठेवा, इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. टॅपच्या अलीकडचा होज कढत आणि पलीकडचा थंड किंवा जेमतेम कोमट लागला तर टॅप नीट बंद होतोय. दोन्ही सारखेच कढत असतील तर गरम पाणी आत शिरतंय. चार नळ्यांच्या टॅपला ही कसोटी लागू नाही, प्रश्न १४ पाहा.

खात्री करायची तर कोअरकडे जाणारा होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने हलकेच आवळा आणि दहा मिनिटं एसी चालवा. वारा लक्षात येईल इतका गार झाला तर गॅसवर आणखी पैसे घालू नका. होज जुना, कडक झालेला असेल तर मात्र आवळू नका, तिथेच चिरेल.

५. पायाखालची चटई ओली होते. टॅप गळतोय, कोअर गळतोय की पाऊस?

पांढरा टिश्यू पेपर ओलीवर दाबा आणि उजेडात बघा. नुसतं ओलं, रंग नाही, वास नाही: एसीची ड्रेन नळी तुंबली असेल किंवा पावसाचं पाणी काचेच्या रबरातून उतरत असेल. पाऊस नसताना एसी लावून अर्धा तास गाडी उभी करा. तरीही ओल आली तर ड्रेन नळी. फक्त धो-धो पावसानंतरच येत असेल तर काचेचं रबर किंवा वायपरखालची पन्हळ बघा, तिथे पानं साचलेली असतात.

टिश्यूवर हिरवट किंवा लालसर डाग उठला, बोटाला ते बुळबुळीत लागलं आणि गाडीत गोडसर वास असला तर ते कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, आहे. चव घेऊन बघू नका, ते विषारी असतं. कोअर गळत असेल तर काचेच्या आतल्या बाजूला पुसून न जाणारा तेलकट थरही बसतो. टॅप डॅशबोर्डखाली असेल तर त्याच्या तळाशी, तरफेच्या दांड्याजवळ आणि होजच्या तोंडाशी वेगवेगळे टिश्यू लावून ठेवा आणि एक फेरी मारून या. कुठला आधी ओला झाला ते बघितलं की दोषी सापडतो. रेडिएटरमध्ये नुसतं पाणीच भरलेलं असेल तर रंगावरून काहीच कळणार नाही, तिथे या टिश्यूंवरच भिस्त ठेवावी लागते.

६. टॅप जाम आहे. तेल मारून सुटेल का?

आधी दोष टॅपचा की केबलचा ते पाहा. केबलचं टोक तरफेवरून काढा आणि तरफ बोटांनी हलवा. सहज हलली तर टॅप ठीक आहे, खाऱ्या हवेने केबल आतून गंजली आहे. ती बदला.

तरफ हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे दांड्याच्या मुळाशी मारून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने पुढे-मागे करून बघा. पितळी टॅप कधी कधी सुटतो. मात्र त्याच्या अंगावर पांढरी-हिरवी खरवड दिसत असेल तर तो सुटल्यावर गळणार हे धरून चला, कारण आतापर्यंत ती खरवडच भोक बुजवून होती. प्लास्टिकच्या टॅपवर जोर करूच नका, तरफ हातात येते.

७. नवा टॅप कुठे मिळेल? घेताना काय बघायचं?

म्हापसा, मडगाव आणि फोंड्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आधी विचारा. मारुती ८०० सारख्या गाड्यांचे भाग अजून चालतात, १९८३ पासून २०१४ पर्यंत ती गाडी बनत होती. त्याहून जुन्या किंवा बंद पडलेल्या गाड्यांसाठी बेळगाव-कोल्हापूरकडे विचारणा करावी लागते. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका, जुना टॅप हातात घेऊन जा.

काउंटरवर दोन्ही टॅप शेजारी ठेवा. नळ्यांची बाहेरची जाडी जुळायला हवी. १६ मिलिमीटरचा होज पुष्कळ गाड्यांत असतो, पण सगळ्यांत नाही. नळ्या एका रेषेत आहेत की काटकोनात, अंगावरचा बाण कुठल्या दिशेला आहे, केबलचं वेटोळं अडकवायची जागा तीच आहे का, हेही पाहा. सगळ्यात महत्त्वाची तरफ: काही टॅप ओढल्यावर उघडतात, काही ढकलल्यावर. उलटा टॅप घेतलात तर दांडी निळ्यावर असताना हीटर चालू राहील. शेवटी टॅप बंद करून एका नळीत फुंकून बघा, हवा जाता कामा नये. दुकानदार हसला तरी हसू दे.

८. हे काम घरी जमेल का?

टॅप बोनेटखाली असेल आणि तुम्ही कधी रेडिएटरचा होज बदलला असेल तर जमेल, एका सकाळचं काम आहे. टॅप डॅशबोर्डखाली असेल तर चांगल्या मेकॅनिककडे द्या. तिथे जागा अडचणीची असते आणि कोअरची नळी वाकली तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

९. बदलायची पद्धत क्रमाने सांगाल?

गाडी रात्रभर उभी राहिलेली असू द्या. गरम इंजिनाचं रेडिएटर कॅप कधीही उघडायचं नाही. साधारण ०.९ बारच्या कॅपखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप उघडताच तो दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

काहीही सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा: केबल कुठे अडकली आहे, बाहेरचं आवरण कुठल्या क्लिपखाली आहे, बाण कुठे आहे. दांडी लालवर न्या, म्हणजे कोअरमधलं पाणीही थोडं उतरेल. कॅप उघडा, खाली स्वच्छ टब ठेवा आणि रेडिएटरच्या ड्रेनमधून टॅपच्या पातळीखाली जाईल इतकंच पाणी काढा. बॅटरी किंवा डिस्ट्रिब्युटर टॅपखाली येत असेल तर त्यावर प्लास्टिक पसरा.

आता केबल सोडा, मग होजच्या क्लिपा. आणि इथे थांबा, कारण सगळ्यात महागडी चूक याच जागी होते. वर्षानुवर्षं तापलेला होज नळीला चिकटलेला असतो. तो पक्कडीने पिरगाळून ओढला तर ताण थेट कोअरच्या नळीवर जातो, आणि ती पातळ पितळेची किंवा ॲल्युमिनियमची असते. होज जुना असेल तर मोह सोडा: कटरने लांबीच्या दिशेने चीर पाडा, सालीसारखा सोलून काढा आणि नवा घाला. चीर पाडताना पातं नळीवर ओरखडा उठेल इतकं दाबू नका, त्या ओरखड्यातूनच पुढे गळती सुरू होते. सिलिंडर हेडवर बसणाऱ्या टॅपचं जुनं गॅस्केट पूर्ण खरवडून काढा आणि नवंच लावा.

नळ्यांवरची खरवड बारीक पॉलिश पेपरने काढा. नवा होज सरकवताना कूलंटचाच ओला हात लावा. ग्रीस किंवा तेल लावू नका, त्याने हे रबर फुगतं. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. किनाऱ्यालगत राहत असाल तर स्टेनलेस स्टीलच्याच क्लिपा घ्या. साध्या क्लिपा कळंगुट-कोलव्याच्या हवेत फार टिकत नाहीत.

केबलसाठी पुढचा प्रश्न, पाणी भरण्यासाठी प्रश्न ११.

१०. केबल कशी लावली की टॅप नक्की पूर्ण बंद होतो?

डॅशबोर्डवरची दांडी निळ्याच्या टोकाला नेऊन तिथून दोन-तीन मिलिमीटर मागे आणा. टॅपची तरफ हाताने पूर्ण बंद करा. केबलचं वेटोळं तरफेवर अडकवा आणि मगच बाहेरचं आवरण क्लिपखाली आवळा. आता दांडी टोकापर्यंत नेलीत की ती उरलेली दोन-तीन मिलिमीटर तरफ आणखी दाबून धरते. गोव्यात टॅप ‘पूर्ण उघडणं’ थोडं कमी पडलं तरी चालेल, ‘पूर्ण बंद होणं’ कमी पडता कामा नये.

११. टॅप बदलल्यावर तापमानाची सुई वर चढतेय. काय चुकलं?

बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत हवा अडकलेली असते. गाडी थंड होऊ द्या. मग तोंड वर येईल अशा चढावर उभी करा, दांडी लालवर ठेवा, कॅप उघडून पाणी काठोकाठ भरा आणि कॅप न लावता इंजिन मंद चालू ठेवा. हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत तो सैल ठेवा. वरचा मोठा होज अधूनमधून दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरत जा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम तापतो आणि पातळी झटकन खाली जाते. तेव्हा पुन्हा भरून कॅप लावा. हीटरचा वारा सलग गरम येऊ लागला, मधूनच गार होत नाही, म्हणजे हवा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी परत बघा.

एवढं करूनही सुई चढत असेल तर गाडी चालवू नका. थर्मोस्टॅट, पंखा आणि हेड गॅस्केट तपासून घ्या.

१२. कूलंटच हवं का? आमच्या विहिरीचं पाणी तर गोड आहे.

प्यायला गोड असलेलं पाणी इंजिनाला गोड असतंच असं नाही. आपल्या जांभ्या दगडातलं पाणी पुष्कळ ठिकाणी किंचित आम्लधर्मी असतं, समुद्रालगतच्या विहिरींत क्षार असतात, आणि दोन्ही धातूला खातात. गोव्यात पाणी गोठायची भीती नाही हे खरं, पण कूलंटमधलं गंजरोधक द्रव्य आपल्याला हवंय, आणि टॅपचं आयुष्य त्यावरच आहे. घट्ट कूलंट घेतलंत तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळा. तयार मिश्रण घेतलंत तर त्यात पाणी घालू नका. रंग बघून दोन जाती एकत्र करू नका, रंगाला काही नियम नाही, डब्यावरचं वाचा.

काढलेलं जुनं कूलंट व्हाळात, गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. चवीला गोडसर असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये विचारून द्या. सांडलेलं लगेच धुऊन घ्या.

१३. मेकॅनिक म्हणतो, बायपास करून टाकू, टॅपची कटकटच नको. करू का?

रस्त्यात अडकला असाल तर जरूर करा. दोन्ही होज एका तुकड्याने एकमेकांना जोडले की कोअर वाटेतून बाहेर पडतो आणि घरी पोचता येतं. दोन्ही टोकं बूच मारून बंद करण्यापेक्षा जोडून टाकणं चांगलं, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी याच वाटेने फिरावं अशी रचना असते.

कायमचा उपाय म्हणून मी तो सुचवणार नाही. पावसाळ्यातली काच (प्रश्न ३) आणि घाटातली मदत (प्रश्न १५) दोन्ही जातात, आणि रिकामा कोअर आतून सडतो, म्हणजे पुढे टॅप आणायचं ठरवलंत तरी कोअरही घ्यावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी बॉल वॉल्व होजमध्ये बसवणं हा मधला मार्ग आहे. तो चालतो, पण जड असतो, त्याला पत्र्याला बांधून आधार द्या, नाहीतर वजनाने होज निसटतो. पीव्हीसीचा नळ चुकूनही लावू नका, तो या उष्णतेला मऊ पडतो.

१४. माझ्या टॅपला चार नळ्या आहेत, आणि केबलऐवजी बारीक रबरी नळी येते. हा कुठला प्रकार?

चार नळ्यांचा टॅप बंद असताना पाणी कोअरकडे न जाता टॅपमधूनच इंजिनाकडे परत वळवतो. त्यामुळे इंजिनाकडचे दोन्ही होज नेहमीच कढत लागतात आणि त्यात बिघाड नसतो. इथे कोअरकडचे दोन होज चाचपायचे. बारीक रबरी नळी म्हणजे व्हॅक्यूमवर, इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर, चालणारा टॅप. यातही दोन जाती आहेत: काही व्हॅक्यूम मिळाल्यावर बंद होतात, काही उघडतात. पहिल्या जातीत ती नळी चिरली की हीटर कायम चालू राहतो, आणि इंजिन मंद फिरताना अडखळतं. टॅप बदलायच्या आधी दोन रुपयांची नळी तपासा.

१५. चोर्ला घाटात गाडी तापली तर हीटर लावायचा म्हणतात, खरं का?

खरं आहे. केरीहून वर चढताना किंवा मोलेहून अनमोडकडे जाताना सुई लालकडे सरकू लागली तर एसी बंद करा, काचा खाली करा, दांडी पूर्ण लालवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात. कोअर हा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता गाडीत ओढून घेतो. अंगाची लाही होते, पण गाडी थांबवायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत इंजिन तगतं. इतक्यात वारा एकाएकी गार झाला तर पाणी संपलं असं समजा आणि ताबडतोब इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा.

टॅप अशा ऐनवेळी जाम निघू नये म्हणूनच महिन्यातून एकदा, बाहेर ऊन असलं तरी, दांडी दोन-चार वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

१६. नवा टॅप, नवी केबल, होजही थंड, तरी वारा गरमच. आता?

मग टॅप निर्दोष आहे, त्याला सोडा. हीटरच्या डब्यातली गरम-गार वाऱ्याची झडप बघा. तिच्या कडेचा फोम झिजून पावडर झालेला असतो आणि गरम वारा फटीतून शिरतो. टॅप नसलेल्या गाड्यांत तर पहिला संशय याच झडपेवर घ्यायचा. हवा आतलीच फिरवायची दांडी नीट बंद होते का, तेही पाहा. मे महिन्यात ती उघडी राहिली तर एसीला बाहेरची तापलेली हवा गार करत बसावं लागतं. हे दोन्ही ठीक असेल तरच एसीच्या मेकॅनिककडे जा, आणि आधी कंडेन्सरवरची, म्हणजे पुढच्या एसीच्या जाळीवरची, लाल धूळ पाण्याने धुऊन मगच गॅस तपासायला सांगा.